‘हाऊ मेनी चिकन?’ : तारकर्लीजवळच्या एका स्वयंपाकघरातलं प्रकरण

मार्च संपत आला होता. तारकर्लीच्या अलीकडे माडांच्या बागेत एक घर आहे. त्या घरच्या वहिनी दोन खोल्या पर्यटकांना देतात आणि जेवण स्वतः करतात. त्या दुपारी गोव्याहून निघालेल्या एका इंग्रज जोडप्याचा फोनवर निरोप आला, की रात्री जेवायला चिकन असलं तर बरं. वहिनींनी लिहून विचारलं, ‘हाऊ मेनी चिकन?’ उत्तर आलं, ‘टू, प्लीज.’ वहिनींनी वाडीतून दोन गावठी कोंबडे आणवले, साफ करून घेतले, वाटप भाजलं, वड्यांचं पीठ मळलं आणि रात्री आठ वाजता टोपभर रस्सा दोन माणसांपुढे आला.

पाहुणे ओशाळले. त्यांना दोन ताटं हवी होती. दोन्ही कोंबड्यांचे पैसे देतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले; वहिनींनी दोन ताटांचेच घेतले आणि उरलेलं शेजारीपाजारी पोचवलं. नुकसान सोसवण्याजोगं होतं. वहिनींच्या मनाला लागलं ते दुसरंच. मला म्हणाल्या, “बाई, मी विचारलं त्यात चुकलं काय? कोंबडे मोजता येतात. मोजता येतं त्याला ‘हाऊ मेनी’. तुम्हीच शिकवता ना मुलांना?”

शिकवते खरी. तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि वहिनींचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्यांच्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. त्यांनी नियम मोडला नव्हता, पाळला होता. मग तो नियम त्यांना दोन कोंबड्यांपर्यंत घेऊन कसा गेला? पुढे पावसाळ्यात आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जे केलं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. माझ्यासारखं शिकवणाऱ्यांना आणि वहिनींसारखं शिकणाऱ्यांना त्यातलं काही हाताशी येईल.

वहिनींचं इंग्रजी कुठून आलं, ते आधी सांगायला हवं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. वहिनी त्याच्या बऱ्याच आधीच्या. त्यांच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. दहावीपर्यंत सहा वर्षं, तीही पाठांतराची. मग लग्न, घर, बाग. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, हळूहळू किनाऱ्यावरच्या घरांनी खोल्या बांधल्या, निवास आणि न्याहारीच्या पाट्या लागल्या आणि पंचवीस वर्षं कोपऱ्यात पडलेलं इंग्रजी वहिनींना पुन्हा बाहेर काढावं लागलं. शब्द त्यांच्याकडे भरपूर आहेत. राइस, फिश, एग, कोकोनट, शुगर, सॉल्ट, सगळं येतं. अडतं ते शब्दाच्या आजूबाजूला: शब्दाआधी ‘अ’ लावायचा की ‘सम’, शब्दाच्या शेवटी ‘एस’ लागतो की नाही, ‘मेनी’ की ‘मच’.

आता तो निरोप पुन्हा बघू. ‘हाऊ मेनी’ म्हटलं की पुढे अनेकवचन यायला हवं: ‘चिकन्स’. वहिनींनी ‘चिकन’ लिहिलं. म्हणजे प्रश्नाचं डोकं मोजायच्या नामाचं आणि धड न मोजायच्या नामाचं. इंग्रजीत ‘अ चिकन’ म्हणजे अख्खा पक्षी, ‘टू चिकन्स’ म्हणजे दोन पक्षी, आणि नुसतं ‘चिकन’ म्हणजे त्याचं मांस. पाहुण्यांनी ‘एस’ नसलेला शब्द वाचला, मांस समजले, ‘हाऊ मेनी’चा अर्थ ‘किती ताटं’ असा लावला आणि दोन म्हणून कळवलं. ‘चिकन्स’ लिहिलं असतं तर ते दचकले असते आणि तिथेच उलट विचारलं असतं. एक ‘एस’ गळला म्हणून गैरसमज कुणाच्या लक्षातच आला नाही.

यात मराठीचाही हात आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण हॉटेलात बसून म्हणतो, ‘दोन चिकन, एक सुरमई, तीन चहा.’ ताटं मोजतो, कप मोजतो, पण नाव पदार्थाचं घेतो. इंग्रजही कॅफेत ‘टू टीज अँड अ कॉफी’ म्हणतातच. तेव्हा ‘दोन चिकन’ ही दोन्ही भाषांत चालणारी बोली आहे, फक्त ती टेबलावरची आहे. वहिनी टेबलाशी नव्हत्या, चुलीशी होत्या. चुलीशी ‘दोन’ म्हणजे दोन जीव. एकाच शब्दाचे तीन अर्थ होते, पक्षी, मांस आणि ताट. विचारणारीच्या मनात पहिला, उत्तर देणाऱ्याच्या मनात तिसरा.

तातडीचा उपाय व्याकरणातला नव्हता. मी सांगितलं, आजपासून पदार्थ मोजूच नका, माणसं मोजा. ‘फॉर हाऊ मेनी पीपल?’ एवढा प्रश्न पाठ करा. तो त्यांनी त्याच दिवशी फोनमध्ये लिहून ठेवला आणि सीझन निभावला. पण वहिनींना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. जूनमध्ये पाऊस लागला, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि आठवड्यातून तीन दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागले.

मोजणे या क्रियापदाने केलेला घोटाळा

पहिल्याच दुपारी मी नेहमीची व्याख्या सांगितली. ज्या वस्तू मोजता येतात ती गणनीय नामं, ज्या मोजता येत नाहीत ती अगणनीय. उदाहरण म्हणून दूध घेतलं. वहिनी म्हणाल्या, “बाई, दूध तर मी रोज मोजून घेते. मापात कमी पडलं तर गवळ्याला सांगते.”

बावीस वर्षं मी हे वाक्य वर्गात उच्चारत होते आणि एकाही मुलाने मला हे विचारलं नव्हतं. मुलं विचारत नाहीत, पाठ करतात. मराठीत ‘मोजणे’ या एका शब्दात दोन कामं बसलेली आहेत. माड मोजतो तेव्हा एक, दोन, तीन असे आकडे म्हणतो. तांदूळ मोजतो तेव्हा शेर, पायली भरतो. पहिलं गणणं, दुसरं मापणं. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळी क्रियापदं आहेत, म्हणून तिथे ती व्याख्या चालते. आपण ती उचलून ‘मोजता येणारी’ असं भाषांतर केलं आणि मराठी मुलासमोर एक खोटं वाक्य ठेवलं: दूध मोजता येत नाही. ज्या मुलाच्या घरी म्हैस आहे, त्याला हे कसं पटावं?

मग आम्ही ती व्याख्या बाजूला ठेवली आणि बाजारातले दोन शब्द घेतले: नग आणि माप. नारळ नगावर जातो, अंडी नगावर, शहाळं नगावर. दूध, तेल, पीठ, साखर मापावर किंवा वजनावर. वहिनींना हे सांगावंच लागलं नाही, त्यांनीच भराभर यादी केली. नगाच्या पदार्थाला इंग्रजीत ‘अ’ लागतो, ‘एस’ लागतो, ‘मेनी’ लागतो. मापाच्या पदार्थाला ‘अ’ नाही, ‘एस’ नाही, ‘मच’ लागतो.

दोन दिवस हे छान चाललं. तिसऱ्या दिवशी कांद्यापाशी अडलं. कांदा किलोवर मिळतो, टोमॅटो किलोवर, बटाटा किलोवर. आणि इंग्रजीत मात्र ‘अ पोटॅटो’, ‘टू अनियन्स’. वहिनींनी वहीत कांदा मापाच्या बाजूला लिहिला होता आणि ‘हाऊ मच अनियन’ असं वाक्य केलं होतं. चूक माझ्या कसोटीची होती. दुकानदार कसा विकतो यावर भाषा चालत नाही.

नवी कसोटी वहिनींच्याच तोंडून निघाली. भात उतरवताना त्यांनी पळीने एक शीत काढून बोटांत दाबून पाहिलं. शितावरून भाताची परीक्षा. मी विचारलं, या एकाला तुम्ही भात म्हणाल? “नाही. हे शीत.” आणि टोपलीतला एक उचलला तर? “तो कांदाच.” इथे आम्हाला वाट सापडली. ढिगातला एक उचलायचा आणि त्याला ढिगाचंच नाव लागतं का, ते बघायचं. एका कांद्याला कांदाच म्हणतात, तो नग. भाताच्या एका कणाला भात म्हणत नाहीत, वेगळा शब्द लागतो. म्हणून भात हे माप. इंग्रजीतही एका दाण्याला ‘अ राइस’ म्हणत नाहीत, ‘अ ग्रेन ऑफ राइस’ म्हणावं लागतं. ब्रेडच्या एका चकतीला ‘अ ब्रेड’ म्हणत नाहीत, ‘अ स्लाइस ऑफ ब्रेड’. लसणीच्या एका पाकळीला ‘अ गार्लिक’ नाही, ‘अ क्लोव्ह ऑफ गार्लिक’. आणि अख्ख्या गड्ड्यालाही ‘अ हेड ऑफ गार्लिक’. लसूण नगासारखी दिसते, पण इंग्रजीने ती मापात टाकली आहे.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये इंग्रजीतली अशी नामं मोजायचे शब्द आणि राशीचे शब्द अशी वेगळी मांडली होती. रास हा शब्द आपल्या खळ्यातलाच आहे. ‘अगणनीय’पेक्षा ‘राशीचं नाम’ म्हटलं असतं, तर माझ्या किती विद्यार्थ्यांचा गोंधळ वाचला असता, हा विचार मला अजून टोचतो.

मराठी अनेकवचनाची ओढ

वहिनींच्या चुका मी वहीत उतरवत होते. थोड्या दिवसांत दिसलं, की त्या वाटेल तशा होत नव्हत्या. त्या ‘राइसेस आर क्लीन’ म्हणत, पण ‘शुगर्स’ कधीच म्हणत नसत. ‘हाऊ मेनी मनी’ म्हणत, पण ‘हाऊ मेनी मिल्क’ नाही. कारण सरळ होतं. मराठीत तांदूळ निवडले जातात, गहू दळले जातात, पोहे भिजवले जातात, पैसे दिले जातात. ही सगळी अनेकवचनं. साखर मात्र संपते, दूध उतू जातं, रवा भाजला जातो: एकवचनं. जिथे मराठीत अनेकवचन तिथे वहिनी ‘एस’ किंवा ‘मेनी’ लावत होत्या. जिथे एकवचन तिथे आपोआप बरोबर येत होतं. आपण मराठीतही नग आणि रास वेगळी करतोच, फक्त सीमा दुसरीकडून आखतो. ‘थोडं दूध’, ‘थोडी साखर’, ‘थोडे पोहे’ असं म्हणताना आपली जीभ हा हिशेब करतच असते. ‘किती’ हा शब्द मात्र तो हिशेब लपवतो. किती अंडी, किती दूध, दोन्हीकडे एकच ‘किती’. म्हणून ‘मेनी’ आणि ‘मच’ जिभेवर आपोआप वेगळे होत नाहीत.

हे समजल्यावर सगळी यादी पाठ करायची गरजच उरली नाही. ज्या शब्दांत मराठी आणि इंग्रजी एकमेकींशी जुळतात, ते सोडून दिले. न जुळणारे तेवढे एका कागदावर आले: तांदूळ, गहू, पोहे, पैसे एका बाजूला, म्हणजे मराठीत अनेक आणि इंग्रजीत रास. भाजी त्यांच्या शेजारी वेगळ्या रंगात. ‘भाजी’ म्हणजे बाजारातून आणलेली असली तर ‘व्हेजिटेबल्स’, ‘एस’ हवाच; आणि त्याच पिशवीत फळं असली तर बहुतेक वेळा नुसतं ‘फ्रूट’. हा भेद मला कुठल्याही कसोटीने समजावता येत नाही. तो लक्षातच ठेवायचा.

वहिनींनी इथे विचारलं, की तांदळाला ‘एस’ नाही आणि वाटाण्याला ‘पीज’ कसं? दोन्ही दाणेच. मी त्यांना त्या शब्दाची हकीकत सांगितली. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला ‘पीझ’ असा शब्द होता आणि तो राशीचाही होता, आपल्या डाळीसारखा. शेवटचा आवाज ‘एस’सारखा लागतो म्हणून लोकांनी तो अनेकवचन समजला आणि सतराव्या शतकापर्यंत त्याचं ‘पी’ असं एकवचन घडवून मोकळे झाले. म्हणजे इंग्रजीभाषकांनीही ही सीमा पुसून पुन्हा आखलेली आहे. वहिनी वाटाणे सोलत ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या दिवशी पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. ‘ओट्स’ला ‘एस’ आणि ‘व्हीट’ला नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाकलं; त्यामागचं कारण शोधू नका, असं म्हटलं.

एका नारळाचे तीन शब्द

सरावाचा सगळ्यात चांगला दिवस नारळाचा होता. मी एक अख्खा नारळ ठेवला, शेजारी खवलेल्या खोबऱ्याची वाटी, आणि बाहेरून एक शहाळं आणलं. मराठीत तीन वेगळी नावं. इंग्रजीत तिन्ही ‘कोकोनट’. मग पाहुण्याला कळणार कसं? ‘अ’ आणि ‘सम’ यांनी. ‘अ कोकोनट’ म्हटलं की अख्खा नग, ‘सम कोकोनट’ म्हटलं की खोबरं. शहाळ्यासाठी ‘अ टेंडर कोकोनट’. आपण जे काम नवा शब्द घडवून करतो, ते इंग्रजी एका छोट्या अक्षरावर भागवते. म्हणून ते अक्षर गळलं की अर्थच हलतो. वहिनींच्या लक्षात कोंबड्याचं प्रकरण इथे नीट बसलं. “म्हणजे ‘अ चिकन’ म्हणजे नारळ आणि ‘सम चिकन’ म्हणजे खोबरं.” मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण याहून चांगलं स्पष्टीकरण मला सुचलेलं नाही.

त्याच धर्तीवर त्यांनी जोड्या लावायला सुरुवात केली. ‘अन एग’ म्हणजे उकडलेलं अख्खं अंडं, आणि हनुवटीला लागलेलं असेल तर ‘सम एग’. ‘अ जॅकफ्रूट’ म्हणजे झाडावरून उतरवलेला फणस, ‘सम जॅकफ्रूट’ म्हणजे ताटलीतले गरे. ‘अ केक’ अख्खा, ‘सम केक’ त्यातला वाटा. ‘अ मँगो’ म्हणजे हापूस, आणि फोडी करून वाटीत आल्या की ‘सम मँगो’.

इथे एक घसरणही झाली. वाटी, चमचा, तुकडा हे शब्द आम्ही फार घोकले होते: चिमूटभर मीठ म्हणजे ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’, गुळाचा खडा म्हणजे ‘अ लंप ऑफ जॅगरी’, ‘अ बोल ऑफ राइस’, ‘अ ग्लास ऑफ सोलकढी’. हे जमायला लागल्यावर वहिनी प्रत्येक पदार्थापुढे ‘अ पीस ऑफ’ लावू लागल्या. ‘अ पीस ऑफ अनियन’ म्हणताना त्यांच्या हातात अख्खा कांदा असायचा, ‘अ पीस ऑफ एग’ म्हणताना अख्खं अंडं. चुकू नये म्हणून माणूस सुरक्षित काठी धरतो आणि ती सगळीकडे टेकवतो. मी रागावले नाही. तीन दिवस ‘पीस’ या शब्दालाच सुट्टी दिली. हातातला नग उचलायचा आणि फक्त ‘अ’ किंवा ‘अन’ म्हणून पुढे सरकवायचा. हात आणि तोंड बरोबर चाललं की ती सवय गेली.

वाढताना लागणारं इंग्रजी

पाठ्यपुस्तकं ‘मेनी’ आणि ‘मच’ यांवर पानंच्या पानं खर्च करतात. वाढणाऱ्या बाईला त्यांचा उपयोग कमी आहे, हे मला वहिनींच्या पडवीत बसून कळलं. तिला लागतं ते ‘आणखी घ्या’. आणि इंग्रजीत ‘आणखी’चे दोन तुकडे होतात. नगाला ‘अनदर’, राशीला ‘सम मोअर’. ‘अनदर वडा?’, ‘अनदर घावण?’, पण ‘सम मोअर राइस?’, ‘सम मोअर सोलकढी?’ वहिनी सगळ्याला ‘वन मोअर’ म्हणायच्या. ‘वन मोअर वडा’ ठीक, ‘वन मोअर राइस’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानाला खडा लागतो.

आमचा आग्रह मात्र फक्त ‘आणखी’वर थांबत नाही. ‘अर्धा तरी घ्या’, ‘चतकोर तरी घ्या’, ‘थोडासाच’. भाकरीचा चतकोर नगाचा भाग, म्हणून ‘अ क्वार्टर ऑफ अ भाकरी’. भात थोडासा, म्हणून ‘जस्ट अ लिटल राइस’. वडे थोडेसे, म्हणून ‘जस्ट अ फ्यू वडाज’. ही वाक्यं आम्ही खुर्चीत बसून म्हटलीच नाहीत. मी पानावर बसायची, वहिनी वाढायच्या, आणि त्यांनी बरोबर म्हटल्याशिवाय मी हात पुढे करायचा नाही, असं ठरलं होतं. त्या पावसाळ्यात माझं वजन वाढलं, पण वहिनींच्या जिभेवर ‘अनदर’ आणि ‘सम मोअर’ असे बसले की आता चुकत नाहीत.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’चा वाद मी त्यांना दोन मिनिटांत सांगितला. नगाला ‘फ्यूअर’, राशीला ‘लेस’, ही शिस्त १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने आपली पसंती म्हणून मांडली आणि पुढे तिचा नियम झाला. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने २००८ मध्ये ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाट्यांच्या जागी ‘अप टु टेन आयटम्स’ अशी पाटी आणून वादच मिटवला. जिथे इंग्रजांचंच एकमत नाही, तिथे वहिनींचा वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

मासे सगळ्यात शेवटी

तसं करावंच लागलं. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ताजा मासा समोर नसताना ‘फिश’ शिकवायचा म्हणजे चित्रावर शिकवणं, आणि चित्रं आम्ही पहिल्या दिवसापासून टाळली होती. म्हणून जुलैभर सुक्या माशांवर भागवलं, आणि तिथे एक सुंदर गोष्ट हाती लागली.

जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, हा मराठीत राशीचा शब्द. ‘जवळा भाजला’, एकवचन. एक जवळा कुणी उचलत नाही. पण त्याच जातकुळीतली मोठी असली की मालवणीत ती ‘सुंगटं’, अनेकवचन. म्हणजे प्राणी अगदी बारीक असला की रास, हातात मावेल एवढा असला की नग. इंग्रजीतही साधारण हाच कल आहे: साखर, पीठ, तांदूळ रास, बीन्स, पीज नग. वहिनींना ‘प्रॉन्स’चा ‘एस’ शिकवावा लागला नाही, कारण त्यांच्या तोंडात ‘सुंगटं’ होतं. शाळेत मात्र माझी मुलं ‘प्रॉन इज रेडी’ लिहितात. ती प्रमाण मराठीतल्या ‘कोळंबी’वरून येतात आणि कोळंबी एकवचनात शिजते. घरच्या बोलीने इथे इंग्रजीला मदत केली आणि पुस्तकी शब्दाने अडवलं. बोली बिघडवते असं म्हणणाऱ्या शिक्षकांना मी आता हे उदाहरण देते.

ऑगस्टमध्ये होड्या निघाल्या. वहिनींच्या घरी श्रावण पाळतात, त्यामुळे पहिला बांगडा आला तो श्रावण संपल्यावर. ‘फिश’ या शब्दाने आधीचे सगळे धडे एकत्र तपासून घेतले. अख्खा तळलेला बांगडा म्हणजे ‘अ फिश’. दोन असले तर ‘टू फिश’. इथे अनेकवचनाला ‘एस’ लागत नाही, आणि ‘फिशेस’ हा शब्द असला तरी जेवणाच्या पानावर तो बसत नाही. सुरमईची तुकडी म्हणजे ‘अ पीस ऑफ फिश’, कारण सुरमई अख्खी कुणाच्या पानात पडत नाही. आमटीतला मासा ‘सम फिश’. पूर्वी वहिनी या सगळ्याला ‘वन फिश’ म्हणायच्या आणि पाहुण्याला वाटायचं अख्खा मासा येणार. आता त्या आधी ठरवतात: नग वाढते आहे, तुकडी वाढते आहे, की रास.

शब्दकोशाची सवय मी शेवटच्या आठवड्यात लावली. नेहमीच्या इंग्रजी-मराठी कोशात अर्थ मिळतो, पण नाम नगाचं की राशीचं ते सहसा मिळत नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत नामापुढे ‘सी’ (काउंटेबल, म्हणजे नगाचं) किंवा ‘यू’ (अनकाउंटेबल, म्हणजे राशीचं) छापलेलं असतं. काही शब्दांपुढे दोन्ही. वहिनींचा मुलगा फोनवर तसा कोश उघडून देतो. त्या आता अर्थ बघतच नाहीत, तो त्यांना माहीत असतो. फक्त ते अक्षर बघतात. दोन्ही अक्षरं दिसली की म्हणतात, “हा नारळ.”

सगळं सुधारलं असं नाही. बोलायच्या ओघात ‘राइसेस’ अजून येतं, विशेषतः चार जणांचं जेवण एकदम पानात पडत असताना. ‘मनी’चा ‘मेनी’ जवळपास सुटला आहे. ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘लगेज’ हे शब्द आम्ही घेतलेच नाहीत, कारण त्यांना बोटांत धरून दाबता येत नाही. ते पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवले आहेत. माझ्या वर्गात मी व्याख्या बदलली आहे. ‘मोजता येत नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहीत नाही. त्याऐवजी मुलांना घरून एकेक पदार्थ आणायला सांगते आणि विचारते, यातल्या एकालाही हेच नाव आहे का?

नोव्हेंबरात दोन तरुण मुली आल्या होत्या, भाषेवरून ऑस्ट्रेलियाच्या असाव्यात. मी सहज वहिनींकडे गेले होते. न्याहारीला कांदेपोहे होते. एकीने बागेकडे बघत म्हटलं, ‘कुड वुई हॅव कोकोनट, प्लीज?’ वहिनी खवणीकडे वळल्या, थांबल्या आणि मागे फिरून विचारलं, ‘अ कोकोनट टु ड्रिंक, ऑर सम कोकोनट ऑन युअर पोहे?’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीला शहाळं हवं होतं, दुसरीला खोबरं.